क्लिफर्ड ब्राउन की ली मॉर्गन, आधी कोणाला ऐकायचं?

जॅझ ट्रम्पेट ऐकायला सुरुवात करायची तर या दोघांपैकी कोण? ब्राउन वारला 1956 मध्ये, कार अपघातात, वय फक्त 25. रेकॉर्डिंगचं करिअर जेमतेम चार वर्षांचं, त्यामुळे त्याचं सगळं ऐकून संपतं आणि मग चुटपुट लागते. ड्रमर मॅक्स रोचबरोबरचा 1955 चा अल्बम 'स्टडी इन ब्राउन' घ्या, त्यातलं 'चेरोकी' सुसाट वेगात आहे पण एकही सूर घसरत नाही, प्रत्येक सूर गोल आणि सुटा, श्वास कधी घेतो देव जाणे.

मॉर्गन फिलाडेल्फियाचा, पोरवयात ब्राउनकडूनच थोडं शिकलेला, आणि 18 व्या वर्षी ब्लू नोट या जॅझच्या रेकॉर्ड कंपनीकडून स्वतःचा अल्बम! पण हा जरा वांड. ट्रम्पेटची बटणं (पिस्टन) अर्धवट दाबून सूर मुद्दाम चिरडतो, टोमणा मारल्यासारखा वाजवतो. ड्रमर आर्ट ब्लेकीच्या बँडच्या 1958 च्या 'मोनिन' मध्ये थीम संपल्यावर पहिला सोलो त्याचाच आहे, तेवढा एक ऐका म्हणजे कळेल. मग हेरॉइनने मधली काही वर्षं खाल्ली, परत आला तो 'द साइडवाइंडर' घेऊन, ते तर चक्क हिट झालं. 1972 मध्ये न्यूयॉर्कच्या क्लबमध्ये त्याची जोडीदार हेलन मॉर्गनने त्याच्यावर गोळी झाडली, त्यातच तो गेला, वय 33.

तंत्र बघायचं तर ब्राउनच, वाद नाही. पण नवख्याला मी मॉर्गनच देईन, ठेका लगेच पायात उतरतो, आणि त्याच्या अल्बमचा ढीग आहे. फक्त 'साइडवाइंडर'वर थांबू नका राव.