ब्रेकच्या नावाखाली 53,900 रुपयांना लुबाडलं

माझ्या गाडीला चाकाची मोठी डिस्क आणि तिच्यावर पॅड दाबणारा कॅलिपर, असा 'बिग ब्रेक किट' 38,500. पॅड 6,200. स्टीलच्या जाळीचे होज पाइप 4,800, ब्रेक ऑइल 900, मजुरी 3,500. एकूण 53,900 रुपये, तेही एका चिटोऱ्यावर. पक्कं बिल मागितलं तर गॅरेजवाला म्हणाला, "कशाला अठरा टक्के वाढवता दादा?" कोणी दादा म्हणो की भाऊ, बिल सोडू नका.

माझी डिझेल स्विफ्ट, रीमॅप केलेली, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून पॉवर वाढवलेली, 17 इंची अलॉय. सप्तशृंगी गडावरून नांदुरीकडे उतरताना पेडल मऊ पडत पडत पार खाली गेलं. सेकंड टाकून कशीबशी गाडी उतरवली. नाशिकला अंबडच्या बाजूच्या त्या गॅरेजवाल्याने चाकसुद्धा न काढता सांगितलं, "पॉवर वाढवलीय, कंपनीचे ब्रेक पुरणारच नाहीत." पॉवर खरंच वाढवली होती, मग खोटं का वाटावं? मी अडाणी नाही. पण ब्रेक गेलेला माणूस घाबरलेला असतो आणि ही माणसं त्या भीतीवरच कमावतात. 30,000 आगाऊ दिले.

गाडी आणायला गेलो तेव्हा बॉनेट उघडंच होतं. ब्रेक ऑइलच्या डबीत मी स्वतः डोकावलो. आत काळपट, उकळून उकळून कडू झालेल्या चहासारखं ऑइल. नवीन ऑइल फार तर फिकट पिवळं असतं, हे मला ठाऊक होतं! विचारलंही. "जुनं थोडं मिसळतंच." जुने पार्ट मागितले, तर ते भंगारवाल्याने सकाळीच नेलेले. तिथेच उरलेले 23,900 रोखायला हवे होते. पण चाकाआडून लालभडक कॅलिपर चमकत होते, आणि मी मोबाइल काढून स्कॅन केलं.

तीन आठवड्यांनी तोच घाट, मागे आई बसलेली, जळका वास आणि पेडल पुन्हा खाली. सातपूरच्या एका जुन्या मिस्त्रींनी चाक काढून स्क्रूड्रायव्हरने कॅलिपर खरवडला. लाल पापुद्रा निघाला, खाली माझाच गंजलेला कंपनीचा कॅलिपर. डिस्कही जुन्याच, नुसत्या खाचा पाडलेल्या. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना जाम होत्या, त्यामुळे पॅड सतत घासत होते आणि त्या उष्णतेने ऑइल उकळत होतं. डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑइल नवीन असताना 230 अंशांपर्यंत तरी उकळत नाही, पण ते ओलावा ओढतं आणि मग 155 च्या आसपासही उकळू शकतं. एकदा वाफ झाली की पेडल नुसतं दबतं. पेडल कडक राहूनही गाडी थांबत नसेल तर पॅड बघा, मऊ पडत असेल तर आधी ऑइल. पिना, पॅड, ऑइल, सगळं 4,350 रुपयांत झालं.

चौकीत तीन चकरा मारल्या. पहिल्यांदा साहेब नाहीत. दुसऱ्यांदा, "हा दिवाणी मामला आहे." तिसऱ्यांदा उलट मलाच, "मॉडिफिकेशनची आरसीवर नोंद आहे का? कारवाई तुमच्यावर होईल." अहो, आई दरीत गेली असती तर फौजदारी झाला असता का? ग्राहक तक्रारीला गेलो, तिथेही आधी पक्कं बिल आणा. यूपीआयच्या पावत्या आणि चिटोऱ्याचा फोटो तिथल्या बाईंनी बघितलासुद्धा नाही. ग्राहक कायद्यात दोन वर्षांची मुदत आहे, मी सोडणार नाही. पार्ट तुमच्यासमोर काढायला लावा, व्हिडिओ घ्या. खरवडलेला कॅलिपर मी अजून रंगवू दिलेला नाही. पुरावा आहे तो.