जीबीएस की स्किम? तृणधान्यांच्या शेकडो नमुन्यांसाठी सीक्वेन्सिंगची निवड

भाताचा जीनोम साधारण 40 कोटी बेस जोड्यांचा, मक्याचा 230 कोटींचा, तर गव्हाचा तब्बल 1600 कोटींचा. भाताच्या शंभर-दोनशे ओळी (पैदाशीतून तयार केलेले वंश) पूर्ण वाचून काढता येतात. गव्हात तोच हट्ट धरला तर वाचलेल्यातला 80 टक्क्यांहून अधिक भाग पुनरावृत्त डीएनएचा निघतो. म्हणून नमुने खूप असले की निवड बहुधा दोन पद्धतींत होते. जीबीएसमध्ये (जीनोटायपिंग-बाय-सीक्वेन्सिंग, म्हणजे सीक्वेन्सिंगने जनुकीय फरक ओळखणे) विकराने कापलेल्या तुकड्यांची टोके तेवढी वाचतात. स्किममध्ये (स्किम सीक्वेन्सिंग) अख्खा जीनोम, पण अगदी विरळ.

संदर्भ जीनोम (तुलनेसाठी आधीच वाचून जुळवलेला जीनोम) नसेल, रानटी जाती किंवा देशी वाण तपासायचे असतील तर जीबीएसच घ्या. गहू-बार्लीसाठी पीएसटी-1 आणि एमएसपी-1 ही कापणाऱ्या विकरांची जोडी चांगली: पीएसटी-1 मिथिलेशन (डीएनएवर मिथिल गट चिकटणे) झालेल्या जागी कापत नाही, त्यामुळे जनुकांजवळचे तुकडे जास्त मिळतात. नमुन्यामागे 100 ते 200 नॅनोग्रॅम डीएनए पुरतो आणि नमुन्याची ओळख सांगणारा डीएनए बारकोड लावून 96 नमुने एका नळीत एकत्र करता येतात.

पद्धत फसते ती बहुतेकदा डीएनएपाशी. पानातली पॉलिसॅकराइड उरली की कापणी अर्धवट होते, प्रत्येक नमुन्यात वेगळेच तुकडे वाचले जातात आणि नमुने-मार्करांचा तक्ता रिकाम्या जागांनी भरतो. 260/230 गुणोत्तर (प्रकाशशोषणावरून डीएनएची शुद्धता) 1.8 च्या खाली असेल तर पुढे जाऊ नका. डीएनए क्युबिटवर (चकाकणाऱ्या रंगाने मोजणारे यंत्र) मोजा. नॅनोड्रॉप (प्रकाशशोषणावर मोजणारे यंत्र) आरएनएही मोजून आकडा फुगवतो. दुसरी अडचण खोलीची, म्हणजे एकच जागा किती वेळा वाचली त्याची. विषमयुग्मी (दोन्ही प्रती वेगळ्या असलेल्या) जागेवर दोनच रीड (वाचलेले तुकडे) असतील तर निम्म्या वेळा ती समयुग्मी (दोन्ही प्रती सारख्या) दिसते. चार रीडना ही चूक 12.5 टक्क्यांवर येते, सहांना सुमारे 3 टक्क्यांवर. एफ-2 (संकरानंतरच्या दुसऱ्या) पिढीत हे फार महागात पडते.

दोन ज्ञात पालकांची संतती असेल आणि संदर्भ जीनोम चांगला असेल, तर आमचे मत ठामपणे स्किमच्या बाजूने. टीएन-5 विकर एकाच टप्प्यात डीएनए तोडून अडॅप्टर (सीक्वेन्सिंगसाठी टोकांना लागणारे छोटे डीएनए तुकडे) जोडते. गव्हाला 0.1 पट खोली म्हणजे 160 कोटी बेस, अर्थात 150 बेसच्या दुहेरी रीडच्या सुमारे 53 लाख जोड्या. भाताला 1 पट खोली 13 लाख जोड्यांतच होते. मधल्या रिकाम्या जागा इम्प्युटेशनने (शेजारच्या मार्करांवरून अंदाज करून) भरायच्या, म्हणून दोन्ही पालक मात्र 10 पट तरी वाचा.

गव्हात पद्धत कोणतीही असो, ए, बी आणि डी या त्याच्या तीन उपजीनोममधले सारखे रीड एकाच जागी जुळतात. त्यामुळे खोटी विषमयुग्मता दिसते. एफ-6 (सहाव्या पिढीच्या) ओळींत विषमयुग्मता 3 टक्क्यांच्या आसपास अपेक्षित असते; एखादा मार्कर निम्म्या ओळींत विषमयुग्मी दिसला तर तो काढून टाका.

दरवर्षी तेच मार्कर हवे असतील तर एसएनपी अ‍ॅरे (ठरलेले एक-बेसी फरक तपासणारी चिप) सोयीचा, पण तो ज्या वाणांवरून बनवला त्यांच्याबाहेरची विविधता त्याला कमी दिसते. जनुकांतले बदलच शोधायचे असतील तर एक्झोम कॅप्चर (जनुकांचे भाग तेवढे प्रोब म्हणजे पकडणाऱ्या डीएनए तुकड्यांनी वेचणे) घ्या, आणि प्रोबशी जुळवण्याआधी सगळ्या लायब्रऱ्या (सीक्वेन्सिंगसाठी तयार केलेले डीएनए नमुने) समप्रमाणात मिसळा.