कोल्हापूरच्या राजारामपुरीतला एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) क्लास: सर भारी, लॅब जुनाट

नाव मुद्दाम टाकत नाही, पण वीकेंडचा हा डेटाबेस क्लास लावू का म्हणून विचारणाऱ्यांसाठी सांगतो, सबक्वेरी (म्हणजे एका क्वेरीच्या पोटात दुसरी क्वेरी) समजत नसेल तर डोळे झाकून लावा.

सरांनी ते नेहमीचं एम्प्लॉयी-सॅलरी घेतलंच नाही, डायरेक्ट मार्केट यार्डातल्या गुळाच्या सौद्याचं टेबल, शेतकरी, तारीख, रवे, दर. प्रश्न असा की त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा जास्त दर कुणाच्या गुळाला मिळाला. सगळ्या पोरांनी व्हेअरमध्येच (ओळी गाळायची अट) एव्हीजी (सरासरीचं फंक्शन) ठोकलं आणि एरर. व्हेअर एकेक ओळ चाळत असतंय, तवर ग्रुपच पडलेले नसतात मग सरासरी येणार कुठनं? सिलेक्टमध्ये (कुठले रकाने दाखवायचे तो भाग) दर आणि सरासरीच्या फरकाला नाव देऊन तेच व्हेअरमध्ये वापरलं तरी तीच बोंब, कारण सिलेक्टचा नंबर व्हेअरनंतर लागतो. हॅविंग (ग्रुपवरची अट) म्हणाल तर ते अख्खा ग्रुप गाळतंय, आपल्याला पायजे शेतकऱ्याची ओळ. मग आतल्या क्वेरीत तारखेवर ग्रुप करून सरासरी काढायची, तिला नाव द्यायचं, मूळ टेबलाशी तारखेवर जॉईन मारायचा (तारीख जुळवून दोन्ही जोडायची) आणि बाहेर निवांत व्हेअर लावायचं. नाव विसरला की मायएसक्यूएल (लॅबमधलं डेटाबेस सॉफ्टवेअर) १२४८ नंबरची एरर तोंडावर मारतं (पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसनं ही सक्ती १६ व्या व्हर्जनपासून काढली).

आता लॅब. मशीनवर अजून मायएसक्यूएल ५.७, ज्याचा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ लाच संपला! विथ (आतल्या क्वेरीला आधीच नाव देऊन ठेवणं) आणि विंडो फंक्शन (ओळी तशाच ठेवून शेजारी ग्रुपची सरासरी वगैरे दाखवणारं) आले ८.० पासून, म्हणजे सर फळ्यावर विंडो फंक्शनातल्या पार्टिशन बायनं (तारखेप्रमाणे गट पाडून) तीच सरासरी दोन ओळीत काढून दाखवतात आणि आपण मशीनवर सिंटॅक्स एरर बघत बसायचं. बरं विंडो फंक्शन पण व्हेअरमध्ये चालत नाही, तिथंही आतली क्वेरी लागतेच, हे करून बघितल्याशिवाय डोक्यात बसत नाही.

नॉट इनचा (यादीत नसलेले शोधायची अट) विषय तर घाईत उरकला, खरा धोका तिथंच आहे. सौद्याला न आलेले शेतकरी काढताय आणि सौद्याच्या टेबलात एखाद्या ओळीत शेतकऱ्याचा नंबर नल (रिकामा, माहीत नसलेला) असला की उत्तरात एकपण ओळ येत नाही आणि एररपण नाही, माणूस समजतो सगळे आले होते. त्याऐवजी नॉट एक्झिस्ट्स (जुळणारी ओळ नाही ना, एवढंच बघणारी अट) वापरा.

फी परवडणारी आहे. स्वतःचा लॅपटॉप घेऊन जावा, नवीन व्हर्जन टाकून, आणि गाडी लांब लावायची तयारी ठेवा.