वकीलबाई खमक्या, पण फोन उचलत नाहीत
पाचपैकी चार तारे. एक कापलाय तो ज्युनिअरसाठी.

गिरगावात आमची पागडीची, म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम देऊन घेतलेली भाड्याची, दीड खोली. सासरे गेल्यावरही भाडेपावती त्यांच्याच नावाने फाटत राहिली. गणपतीला सगळे गावी गेलो, परत येतो तो दारावर घरमालकाचं कुलूप! म्हणे, भाडेकरू वारला, आता तुमचा संबंध काय? चौकीत अदखलपात्र नोंद झाली आणि ‘दिवाणी मामला आहे, कोर्टात जा’ असं ऐकून घेऊन आम्ही बाहेर.

शेजारच्या काकांनी धोबीतलावला, लघुवाद न्यायालयाजवळ (भाड्याच्या भांडणांचे दावे चालतात ते कोर्ट) बसणाऱ्या या बाईंकडे धाडलं. नाव लिहीत नाही, वकिलांना जाहिरात करायची मुभा नसते.

मी रडकथा सुरू केली, तर हाताने थांबवून पहिला प्रश्न, “सासरे वारले तेव्हा खोलीत त्यांच्याबरोबर कोण राहत होतं?” मग रेशनकार्ड, मतदारयादी, गॅसचं पुस्तक, लाइटबिल, सगळं टेबलावर एकाखाली एक लावून त्यातली पत्त्याची ओळ पेन्सिलीने अधोरेखित करत गेल्या. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्या माणसाला भाडेकरू धरतात, पावतीवर नाव चढलं नाही म्हणून हक्क बुडत नाही, हे मला तिथे कळलं. मालकाला हे माहीत नसेल? माहीत असणारच.

आमचे हे हातोडी घेऊन तयारच होते. त्यांना बाईंनी असं काही झापलं! “कुलूप तोडलंत तर उद्या तुमच्यावरच केस.” कायद्याची रीत सोडून कुणी ताबा काढून घेतला, तर १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावता येतो. त्यात जागा कोणाच्या मालकीची हा प्रश्न येत नाही, ताबा कोणाचा होता एवढंच दाखवायचं. मुदत गेली की हा सोपा रस्ता बंद. म्हणून ‘मालकाशी बोलून बघू’ म्हणत महिने घालवू नका. मालक भाडं घेत नसेल तर मनीऑर्डर करा आणि ‘घेण्यास नकार’ असा पोस्टाचा शेरा येईल तो कागद जपा, हेही त्यांचंच. थकबाकीचं निमित्त मग त्याला उरत नाही.

आणखी एक आवडलं. फी ऐकून माझा चेहरा पडला, तेव्हा स्वतःहून म्हणाल्या, विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईला उत्पन्नाची अट नाही, मोफत वकील मिळतो, तिकडे गेलात तरी चालेल. गिऱ्हाईक असं कोण सोडतं? आम्ही यांच्याकडेच राहिलो.

आता तक्रारी. ज्युनिअरने दाव्यात खोलीचा नंबर शेजाऱ्यांचा टाकला होता. मी वाचलं म्हणून सापडलं, नाहीतर आदेश भलत्याच दारावर. फोन कधीच उचलत नाहीत, मेसेजला रात्री उशिरा ‘ओके’ येतो. टायपिंग, नोटरी, झेरॉक्स फीमध्ये धरलेलं नाही, ते आधी विचारून घ्या.

अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या, आदेशाने कुलूप निघालं, आम्ही घरात आहोत. दावा चालू आहे, तारखा पडताहेत. भेटायचं तर संध्याकाळी कोर्ट सुटल्यावर जा, आणि मूळ पावत्या तिथे ठेवून येऊ नका. त्या टेबलावर आधीच कागदांचे डोंगर आहेत.