डबी कंपनीची, बेअरिंग भंगारातलं

ज्यांच्याकडे जुना छोटा ट्रॅक्टर आहे आणि ज्याचे सुटे भाग आता शोरूमला मिळत नाहीत, त्यांनी हे जरूर वाचा. पुढच्या चाकाच्या एका बेअरिंगपायी मला चांगलाच चुना लागला. कसा लागला ते सविस्तर लिहितो, कारण हा माल विकणारं दुकान काही एकच नाही.

ट्रॅक्टर द्राक्षबागेतला, १८ हॉर्सपॉवरचा, टू-व्हील ड्राइव्ह. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या धास्तीने रोज ब्लोअर, म्हणजे फवारणीचं यंत्र, फिरवावा लागतो. चिखलात पुढची चाकं रुततात, ऑइल सील झिजलेलं असेल तर पाणी हबात, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, शिरतं आणि ग्रीस दुधाळ होतं. आमच्याकडे तेच झालं. चाक जॅकवर घेऊन वर-खाली हलवलं तर खडखड वाजायला लागलं. मिस्त्रीने हब उघडून सांगितलं, बाहेरचं छोटं ठीक आहे, आतलं मोठं गेलं, दोन्ही चाकांचं बदलून घ्या. नंबर ३०२०६. एक नग त्याच्या पेटीत होता, अधिकृत वितरकाकडून आणलेला. दुसरा मी आणायचा ठरलं.

आता जरा नंबराविषयी, कारण दुकानदाराचा पहिला डाव तिथेच असतो. शेवटच्या ०६ ला पाचाने गुणलं की आतला व्यास मिळतो, ३० मिलिमीटर. बाहेरचा व्यास ६२. पण ३० बाय ६२ ची तीन बेअरिंगं सर्रास मिळतात. ६२०६ हे गोळ्यांचं, रुंदी १६. ३०२०६ हे टेपर, म्हणजे निमुळत्या रोलरचं, रुंदी १७.२५. आणि ३२२०६, तेही टेपर, पण रुंदी २१.२५. तिन्ही स्टबवर, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या आसावर चढतात, तिन्ही हबात बसतात. म्हणून ‘बसतंय ना, मग झालं’ हे वाक्य इथे फार महागात पडतं.

मी ३०२०६ मागितलं तर काउंटरवर आधी ३२२०६ आलं. “दादा, हेवी येतं, हेच टाका, परत बघायला नको.” ते चार मिलिमीटर जाड; टाकलं असतं तर सीलला जागा उरली नसती आणि नटही पुरेसा चढला नसता. नको म्हटल्यावर ६२०६ पुढे आलं, स्वस्त म्हणून. गोळ्यांच्या बेअरिंगला बाजूचा दाब टेपरइतका झेपत नाही, आणि नट आवळून-सैल करून प्ले, म्हणजे चाकाचा ढिलेपणा, काढायची सोयही त्यात नाही. पुढच्या चाकाला वळताना बाजूचाच तर मार बसतो. मी अडून बसलो तेव्हा आतून नामांकित कंपनीची डबी आली. छापील किमतीवर ३० टक्के सूट. ही सूट पाहून संशय यायला हवा असं काहीजण म्हणतील, पण ते पटत नाही. अधिकृत वितरकही सूट देतात, आणि बनावट माल विकणारे हुशार लोक भाव मुद्दाम फार पाडत नाहीत.

पक्कं बिल मागितलं तर ‘एस्टिमेट’ लिहिलेली चिठ्ठी मिळाली. “जीएसटीचं बिल केलं तर सूट जाते.” चिठ्ठीवर दुकानाचं नाव नाही, शिक्का नाही, बेअरिंगचा नंबरही नाही. नुसतं ‘बेरिंग १’.

मिस्त्रीने बसवलं तेव्हा डावीकडचा, म्हणजे त्याच्या पेटीतला कप (बेअरिंगची बाहेरची कडी) हबात ठोकून बसवावा लागला. उजवीकडचा, माझ्या डबीतला, अंगठ्याने दाबला तरी आत गेला. तो म्हणाला, हबच झिजलाय. जुन्या ट्रॅक्टरला ते शक्य असतं, त्यामुळे कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

फवारणीच्या ऐन घाईत उजवं चाक डगडगायला लागलं. हबला हात लावला तर चटका बसला. उघडून पाहिलं, तर रोलर धरून ठेवणारी जाळी तुटून तिचा चुरा झालेला आणि कोन, म्हणजे बेअरिंगची आतली कडी, स्टबवर फिरून स्टबच कापला गेलेला. खरं नुकसान हे. बेअरिंग काही शे रुपयांचं. पण या मॉडेलचा स्टब नवा मिळत नाही, म्हणून वेल्डिंगने भरून लेथवर उतरवून घ्यावा लागला. तोवर दुसऱ्याचा ट्रॅक्टर भाड्याने आणून फवारणी केली.

लेथवाल्याने सहज म्हणून कप व्हर्नियरमध्ये, म्हणजे बारीक माप घ्यायच्या पट्टीत, धरला. ६२ ऐवजी ६१.९० भरला. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण अस्सल बेअरिंगच्या या मापात एका मिलिमीटरच्या दोन शतांशांइतकीही तूट चालत नाही. मग त्याने भिंग दिलं. कपाच्या कडेवर नव्या कोरलेल्या नंबराखाली दुसऱ्याच अक्षरांच्या पुसट रेघा होत्या. जुनं बेअरिंग भंगारातून उचलायचं, डिझेलमध्ये धुवायचं, घासून चकचकीत करायचं, नवा नंबर मारायचा, छापलेल्या डबीत भरायचं, असा हा धंदा. घासताना बाहेरचा व्यास कमी होतो, म्हणून तो कप अंगठ्याने आत गेला होता.

दुकानदाराकडे गेलो. त्याचं उत्तर तयार होतं: “तुमच्या मिस्त्रीने नट जास्त आवळला.” हे उत्तर फार सोयीचं आहे, कारण टेपर बेअरिंग जास्त आवळलं तर खरोखरच जळतं. चाक फिरवत नट आवळायचा, मग थोडा मागे घेऊन कॉटर पिनच्या भोकाशी जुळवायचा, ही रीत. पण त्याच मिस्त्रीने, त्याच बैठकीत, डावीकडे बसवलेलं बेअरिंग आजही गरम न होता चालतंय. हे सांगितल्यावर गडी म्हणाला, “बिल दाखवा.” तिथे माझं तोंड बंद झालं. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन करायचा म्हटलं तरी खरेदीचा पुरावा म्हणून दाखवायला ती बिननावाची चिठ्ठीच होती.

आता मी काय करतो ते लिहितो. डबी काउंटरवरच उघडतो. नव्या बेअरिंगवर गंजरोधक तेलाचा पातळ थर असतो. डिझेलचा वास आला किंवा कपाच्या आत रोलर फिरण्याच्या जागी फिकट पट्टा दिसला, तर डबी परत. व्हर्नियर खिशात असतो. मोबाइल काढून डबीवरचा कोड तपासतो: एसकेएफचं ऑथेंटिकेट नावाचं अॅप आहे, आणि बाकी काही कंपन्यांच्या मालासाठी बेअरिंग उत्पादकांच्या जागतिक संघटनेचं वेगळं अॅप आहे. आणि बिलावर नंबर व कंपनीचं नाव लिहून घेतल्याशिवाय पैसे देत नाही. दुकानदार तोंड वाकडं करतात, करू देत.

अजून एक. गेलेलं बेअरिंग आणि रिकामी डबी मी आता अख्खी भंगारवाल्याला देत नाही, मिस्त्रीलाही ठेवू देत नाही. डबी फाडतो, कोनाची जाळी तोडतो, कपाला ग्राइंडरने काप मारतो. हातोडीने फोडायला जाऊ नका, कडक पोलाद आहे, तुकडा उडून डोळ्यात जातो.