एकच संध्याकाळ मोकळी आहे: 'चारचौघी', 'दशावतार', 'साबर बोंडं' की 'मानवत मर्डर्स'?

नाटक, सिनेमा आणि वेब सिरीज यांची एकमेकांशी तुलना करू नये, असं जाणकार सांगतात. त्यांना बहुधा पास मिळत असावेत. आपल्याला आठवड्यातून एकच संध्याकाळ मोकळी मिळते, त्यात पुण्यात हडपसरहून डेक्कनला पोचायचं असतं, आणि घरात कुणीतरी "आपण टीव्हीवरच काहीतरी बघू ना" म्हणून लोडाला टेकलेलं असतं. तेव्हा तुलना होणारच.

माझा कौल आधीच सांगून टाकते. 'चारचौघी'चा प्रयोग लागल्याची जाहिरात दिसली, तर बाकीचं सगळं पुढे ढकला. सिरीज कुठे पळून जात नाही.

प्रशांत दळवींनी लिहिलेलं हे नाटक मूळ १९९१ चं. दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णींनीच ते २०२२ मध्ये नव्या संचात पुन्हा उभं केलं: रोहिणी हट्टंगडी, मुक्ता बर्वे, कादंबरी कदम आणि पर्ण पेठे. एका विवाहित पुरुषाशी संबंध ठेवून, लग्न न करता तीन मुली वाढवणारी आई आणि तिच्या त्या तीन मुली. तीस वर्षांत हे जुनं व्हायला हवं होतं. झालेलं नाही, याचा आनंद मानायचा की वाईट वाटून घ्यायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

नाटकाचा गाभा म्हणजे फोनचा प्रवेश. थोरली विद्या नवऱ्याशी फोनवर बोलते आहे. त्याचं दुसरीकडे सुरू असलेलं प्रकरण तिला कळलंय. पलीकडचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, त्यामुळे त्याची उत्तरं आपणच मनात लिहीत बसतो. मुक्ता बर्वे सुरुवातीला अगदी हिशेब विचारावा तशी बोलते, आवाज वर जात नाही. मग एक पॉज येतो. रिसीव्हर कानालाच असतो, फक्त मान थोडी कलते, आणि पलीकडच्याने काय सांगितलं असेल ते अख्ख्या नाट्यगृहाला कळतं. मी पाहिला त्या प्रयोगात नेमकं याच वेळी प्रेक्षकांत कुणाचा तरी मोबाईल वाजला. मागच्या रांगेतल्या आजी पुटपुटल्या, "ह्याचाही ठेवा!" (नाट्यगृहात मोबाईल जामर बसवावेत की नाही, या वादात मी तेव्हापासून बसवण्याच्या बाजूला आहे.)

उणं एवढंच की नाटक लांब आहे, आणि धाकट्या विनीचा, एकाच वेळी दोन पुरुषांबरोबर राहण्याचा प्रश्न येतो तेव्हा पात्रं माणसांसारखं बोलायचं सोडून परिसंवादात बसल्यासारखी बोलू लागतात. तरी आईला, सासूबाईंना किंवा कॉलेजातल्या मुलीला घेऊन जा. घरी परतताना रिक्षात जे बोलणं होतं, ते तिकिटाच्या पैशांत धरलेलं नसतं.

'दशावतार'ची गोष्ट उलटी. हा आईबाबांना दाखवायचा सिनेमा, आणि त्यांना तो तुमच्यापेक्षा जास्त आवडेल. सुबोध खानोलकर दिग्दर्शित हा चित्रपट १२ सप्टेंबर २०२५ ला आला. त्याच दिवशी आणखी दोन मराठी सिनेमे लागले होते, म्हणजे आपल्याकडचा नेहमीचा गोंधळ: तीन मराठी सिनेमे एकमेकांचे शो खाणार आणि प्रेक्षक नाही म्हणून नंतर रडणार. यातून हा तरला तो दिलीप प्रभावळकरांमुळे. ऐंशी ओलांडलेला हा नट बाबुली मेस्त्रीच्या, म्हणजे कोकणातल्या म्हाताऱ्या दशावतारी कलावंताच्या भूमिकेत अंगावर वेश चढवतो तेव्हा पाठीचा कणा खरंच सरळ होताना दिसतो. बाप-लेकाचा पूर्वार्ध झकास जमलाय. उत्तरार्धात मात्र खाण, जंगल, सूड असं सगळं एकदम अंगावर येतं आणि जे डोळ्यांनी दिसत होतं तेच संवादांतून पुन्हा समजावलं जातं. मालवणीची धास्ती नको, दहा मिनिटांत कान सरावतो.

त्यानंतर आठवड्यानेच 'साबर बोंडं' लागला. रोहन कानवडेंच्या या पहिल्या चित्रपटाला त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक विभागातलं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं होतं. मुंबईत राहणारा आनंद वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो, तिथे त्याला बालपणीचा मित्र बाळ्या भेटतो. त्या दोघांतलं प्रेम आणि आल्यागेल्या नातेवाइकांचा "लग्नाचं काय?" हा प्रश्न, एवढाच ऐवज. पार्श्वसंगीत नाही. कॅमेरा एका जागी बसतो आणि बसूनच राहतो. हा सिनेमा एकट्याने बघा, नाहीतर मधेच "आता काय होणार?" असं न विचारणाऱ्या माणसाबरोबर. पॉपकॉर्न अजिबात नको, चावल्याचा आवाज येतो.

मला हा 'दशावतार'पेक्षा उजवा वाटला, आणि गंमत म्हणजे त्याचं नातं 'चारचौघी'शीच जास्त जवळचं आहे. चारचौघांच्या चौकटीत न बसणारं घर आणि ते सांभाळणारी आई, हे दोन्हीकडे आहे. नाटकातली आई प्रत्येक गोष्ट बोलून दाखवते, वाद घालते, हरते, पुन्हा घालते. सिनेमातली आई मुलाचं सगळं जाणते आणि नातेवाइकांसमोर त्याला सांभाळून घेते, तेही भाकरीकडे बघत. जयश्री जगतापांचं हे काम आणि रोहिणीताईंचं काम लागोपाठच्या दोन आठवड्यांत बघता आलं, तर जरूर बघा.

'मानवत मर्डर्स' या वेब सिरीजबद्दल थोडक्यात. परभणी जिल्ह्यातलं १९७२ ते ७४ चं खरं हत्याकांड, आठ भाग, सोनी लिव्हवर. आशुतोष गोवारीकर तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णींच्या भूमिकेत आहेत, नीटनेटके आणि जरा जास्तच संथ. पकड घेतात त्या सोनाली कुलकर्णी आणि सई ताम्हणकर. मकरंद अनासपुरेला विनोदाशिवाय बघायचं असेल तर तेवढ्यासाठीही चालेल. मधले भाग रेंगाळतात. लहान मुलींचे खून आहेत, त्यामुळे जेवताना लावू नका आणि मुलं जागी असताना तर नाहीच.

तर जमवायचं कसं? आईबाबा घरी आले असतील तर 'दशावतार'. एकटे असाल आणि मन शांत असेल तर 'साबर बोंडं'. पावसामुळे घरात अडकलात तर 'मानवत'. 'चारचौघी'साठी मात्र तारखेवर नजर ठेवावी लागते. बालगंधर्वला संध्याकाळी पाचचा प्रयोग असेल तर गाडी काढूच नका, मेट्रोने संभाजी उद्यानला उतरा आणि चालत जा. साडेनऊचा असेल तर परतीला मेट्रो मिळणार नाही, त्यामुळे रिक्षाचा विचार आधीच करा आणि पोटात काहीतरी ढकलून जा. तिकीट पुढच्या आठ-दहा रांगांतलंच घ्या. बाल्कनीतून ती मान कललेली दिसत नाही.