उथळा हातपंप की खोल बोअर: बांगलादेशातील आर्सेनिकचा प्रश्न
बांगलादेशात १९७० च्या दशकात हगवण-कॉलरा टाळण्यासाठी उथळे हातपंप मोठ्या प्रमाणावर बसवले गेले. रोगजंतू टळले, पण अनेक ठिकाणी भूगर्भातील आर्सेनिक हे विषारी द्रव्य पोटात जाऊ लागले, आणि असे पाणी वर्षानुवर्षे प्यायल्यास त्वचा, फुप्फुस व मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. उकळून उपयोग नाही; पाणी आटते, आर्सेनिक तेवढेच राहते. चवीवरूनही ते कळत नसल्याने तपासणीनंतर दूषित पंपांच्या तोंडाला लाल आणि सुरक्षित पंपांना हिरवा रंग दिला गेला.

सुमारे १५० मीटरखालच्या बोअरचे पाणी बहुधा सुरक्षित असते. मात्र तो खर्चिक, त्यामुळे मोजकाच, म्हणजे कळशी घेऊन पायपीट आलीच. तरीही पिण्या-रांधण्यापुरता मी खोल बोअरच निवडेन. तेवढ्यापुरताच, कारण शेतीसाठी त्याच खोल थरातून बेसुमार उपसा झाला, तर वरचे दूषित पाणी खाली ओढले जाऊ शकते.